उपवासाला सगळं चालतं

२३ नोव्हेंबर, रविवार
ह्यांच्या चिक्कीच्या दुकानातून दरवर्षी डायरी मिळते. गेल्या वर्षीची अर्धी कोरी राहिली होती. टाकायची कशाला? छापलेले वार खोडले, नवे घातले. हिशेबाची वही वेगळी. इथे फक्त मनातलं. कुणी वाचू नये.

ह्यांना रक्त पडतंय. कुठून ते लिहिणार नाही. समोर देवघर आहे. पंधरा दिवस माझ्यापासून लपवलं आणि सांगितलं कधी, तर मी कणीक मळत असताना. शी. हात तसाच राहिला माझा.

थोरले दीर, विठ्ठलभावजी, आतड्याच्या कॅन्सरने गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. म्हणून हे घाबरलेत. घाबरलो म्हणत नाहीत. लोणावळ्यात थंडी लय पडली म्हणतात आणि गोधडीत बसतात.

निश्चय : ह्या दुखण्याची सगळी व्यवस्था मी बघणार. जुनी दहावी पास आहे. अडाणी नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
तळेगावला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डॉक्टर तरुण, टापटीप. बोलणं मात्र! आतड्यात म्हणे मांसाचे कोंब येतात. पॉलिप. ओंडक्यावर अळंबी उगवते तसे, कुणाला देठ असतो, कुणाला नसतो. आजचा साधा कोंब उद्याचा कॅन्सर होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याची नळी (तिथून) आत घालायची आणि कोंब दिसला की तारेचा फास टाकून देठातून कापायचा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

एवढ्यावर भागत नाही. कापलेला कोंब बाहेर काढायचा, तोही अख्खा. बारीक असेल तर नळीतून ओढून जाळीच्या डबीत घेतात. मोठा असेल तर आतल्या आत जाळं टाकून मासा धरावा तसा धरून आणतात. मग लॅबवाले देठ तपासतात. देठ चांगला तर माणूस सुटला. तुकडे झाले किंवा कोंब हरवला तर कुणालाच काही सांगता येत नाही.

हरवेल कसा, मी विचारलं. आतड्याला काय खिडक्या आहेत? डॉक्टर म्हणाले, पोट साफ नसेल तर हरवतो. मग टेबलावर आतड्याचं चित्र काढायला लागले. मी पुन्हा कॅलेंडर बघितलं, आणि देवानेच बघायला लावलं. तपासणी मंगळवारी, दोन डिसेंबरला. आदल्या दिवशी काय? मोक्षदा एकादशी! अंगावर काटा आला.

बाहेर सुमय्या नावाच्या सिस्टर आहेत, तळेगावच्याच. गोड बोलतात. म्हणाल्या, काकू, आदल्या दिवशी उपवास कडक हवा, जमेल ना काकांना? मला हसूच आलं. म्हटलं, बाई गं, लग्न होऊन आल्यापासून ह्या माणसाची एक एकादशी चुकू दिली नाही मी. त्या म्हणाल्या, वा, मग मला काळजीच नाही. एक छापील कागद दिला. पहिल्याच ओळीत असा शब्द की घरी आल्यावर देवघरासमोरून नेववेना. घडी करून चपलांच्या कपाटावर ठेवला. उपवासाचं मला कागदाने शिकवायची गरज नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
उद्या वराळ्याला, मुलाच्या, अमृतच्या फ्लॅटवर. दवाखाना तिथून जवळ. सूनबाईंचं, म्हणजे कोमलचं, स्वयंपाकघर हॉटेलसारखं आहे, पण उपवासाचा एक जिन्नस मिळेल तर शपथ. म्हणून सगळं बरोबर घेतलं. साबुदाणा आजच भिजत घातला. दाण्याचं कूट जाडसर, ह्यांना तसंच आवडतं. वरीचे तांदूळ. राजगिऱ्याचे लाडू. ह्यांनी दुकानातून चिक्की आणली, अख्ख्या दाण्यांची. तीस वर्षं तिथल्या गल्ल्यावर बसले, अजून जाता येता पुडा मिळतो.

रात्रीचं जेवण साधंच. भाकरी, पिठलं, टोमॅटोची कोशिंबीर.

१ डिसेंबर, सोमवार. मोक्षदा एकादशी
पहाटेच निघालो. विष्णुसहस्रनाम गाडीतच म्हटलं. नऊ वाजता ह्यांना खिचडी दिली. हे म्हणाले, अगं, त्या शिस्टरनी नुसतं पाणी सांगितलं न्हवं? म्हटलं, उपवास सांगितलाय. आणि साबुदाणा रात्रभर पाण्यातच होता की. हे म्हणाले, ते बी खरंच. खाल्ली.

कोमल दारात उभी. म्हणाली, अहो आई, माझ्या मावशीच्या वेळेस तर नारळपाणी आणि गाळलेलं सूप, एवढंच होतं. म्हटलं, तुझी मावशी एकादशी करत नसेल. आत गेली. अमृतने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. बरंच झालं.

दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. चारला चिक्की, ताकद टिकावी म्हणून. उद्या केवढा प्रसंग आहे बिचाऱ्यांवर.

संध्याकाळी औषधाचं पाणी. पावडरीची दोन पाकिटं होती, पाण्याच्या दोन जगांत कालवायची. एक जग पोटात जातो न जातो तोच सुरू झालं. फ्लॅटची भिंत पातळ. हॉलमध्ये मी हरिपाठ म्हणत होते, आतून वेगळंच चाललेलं. देवा, कुठल्या कानाने काय ऐकावं? नऊ वेळा गेले. मग चेहरा बघवेना. म्हटलं, एका पाकिटात काम झालंय, दुसरं कशाला फोडायचं? ठेवून दिलं. कुणाला तरी उपयोगी पडेल.

कोमल सगळ्या घरात अगरबत्त्या लावत फिरत होती. मला वाटलं एकादशीनिमित्त.

सगळं नियमाप्रमाणे पार पडलं. समाधान.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपार
लिहिण्यासारखं नाही, पण लिहून टाकते.

ह्यांना आत नेलं. आम्ही बाहेर. मी जप करत होते. अर्धा तास म्हणाले होते, दोन माळा जास्त झाल्या. मग डॉक्टर बाहेर आले. कपाळावर घाम. विचारलं, काल काय खाल्लं ह्यांनी? म्हटलं, काही नाही, उपवास होता. डॉक्टर म्हणाले, उपवासाला काय खाल्लं? मी सांगत गेले. खिचडीला ते उभे होते. भगरीला भिंतीला टेकले. चिक्की म्हटल्यावर खाली बसले.

म्हणाले, काकू, माझी नळी तीनदा शेंगदाण्याने तुंबली.

मला अशी शिसारी आली! भर कॉरिडॉरमध्ये, लोकांसमोर.

दोन बारीक कोंब कसेबसे डबीत आले. तिसरा मोठा, बोराएवढा, देठाचा. खरं तर थांबणारच होतो, पण त्यातूनच रक्त येत होतं म्हणून कापावा लागला, म्हणाले. कापला व्यवस्थित. पण फास सोडला आणि तो पडला त्या चिखलात. साबुदाण्याच्या. जाळं टाकावं तर जाळ्यात दाणे येत होते. खूप शोधला. गेला.

अमृतने विचारलं, आता? तर म्हणे, आज उद्या आपोआप बाहेर पडेल. जे काही पडेल ते सगळं चाळणीतून धुऊन घ्यायचं. गुलाबी-लाल, मऊ, बोराएवढं. सापडलं की बाटलीत. तोच महत्त्वाचा आहे. बारीक दोन काही सांगणार नाहीत, सांगेल तर तोच.

सुमय्या सिस्टरने औषधाची बाटली दिली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, काकू, कागद वाचला नव्हता का? म्हटलं, वाचला की, वरवर.

पडलेल्या फळाला काय माझी खिचडी जबाबदार? आंबा उतरवायचा तर खाली जाळीचा झेला धरतात. एवढं शिकलेल्या माणसाला कळू नये?

२ डिसेंबर, संध्याकाळ
घरात चाळायला कोण? अमृतला मीटिंग निघाली. कोमल म्हणाली, सॉरी आई, मी काहीही करेन, हे नाही.

म्हणजे मीच. सोवळ्यातलं पातळ बाजूला ठेवलं, जुना गाऊन घातला, नाकाला पदराऐवजी ओढणी बांधली, आत कापराच्या वड्या. ह्यांना बादलीवर बसवलं. फ्लशच्या बटणावर अमृतने पट्टी चिकटवली, सवयीने दाबलं जाऊ नये म्हणून.

चाळणी विकत आणायची तर भांड्यांच्या दुकानात जावं लागणार. एका दिवसाच्या कामाला नवी चाळणी? कोमलच्या ओट्यावर होती एक, स्टीलची, बारीक भोकांची. स्टीलला विटाळ लागत नाही. राखेने घासली की झालं.

नळाखाली धरली. पुढचं लिहीत नाही. आयुष्यभर ज्याचा उच्चार केला नाही ते आज बोटाने सारून बघितलं. साबुदाणा जसाच्या तसा. मोत्यासारखा. इतका छान भिजला होता.

आज काही मिळालं नाही. तीनदा अंघोळ. वास जात नाही. कदाचित वास नसेलच.

३ डिसेंबर, बुधवार
सापडला!

सकाळच्या खेपेला चाळणीत दोन वस्तू राहिल्या. एक लालसर, लिबलिबीत, एका बाजूला शेपटासारखं. चिमटीनेही धरवेना. दुसरी गोल, घट्ट, गुलाबीसर, नीटनेटकी.

हे दार धरून उभे. मान पुढे. म्हणाले, नंदे, ती लाल हाय बघ, तीच. दुसरा शेंगदाणा हाय. म्हटलं, तुम्ही गप बसा. ती टोमॅटोची साल आहे, रविवारच्या कोशिंबिरीतली. हे म्हणाले, अगं, माझा जन्म गेला शेंगदाण्यात, मला शेंगदाणा वळखू येत न्हाई व्हय? म्हटलं, तुम्ही गल्ल्यावर बसून विकलात, निवडले मी. छत्तीस वर्षं ह्या घरात तांदळात खडा गेला नाही कुणाच्या दाताखाली.

डॉक्टरही म्हणालेच होते, बोराएवढा. ते लाल म्हणजे नुसती चिंधी. असली घाणेरडी वस्तू माझ्या माणसाच्या पोटात असेल कशी? पट्टी काढली, फ्लश केलं. दाबताना हे काहीतरी म्हणाले, पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.

गुलाबी बाटलीत घातला. तळाशी बसला, शहाण्यासारखा. बाटली देवघरात ठेवता येत नव्हती म्हणून टीव्हीजवळ ठेवली आणि दुरून हळदकुंकू वाहिलं. एकवीरा आईला नवस बोलले. ह्या बाटलीतल्याचा रिपोर्ट निर्मळ येऊ दे, अनवाणी गड चढेन.

जेवण झाल्या झाल्या हे गोधडीत शिरले. थकले असतील.

४ डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार
बाटली पोचवली. सुमय्या सिस्टरने उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली. म्हणाल्या, काकू, नक्की ना? म्हटलं, नक्की. हवं तर देठ बघा. टोकाला बारीकसा देठही दिसत होता. त्या म्हणाल्या, हो, मोडासारखा.

परत येऊन महालक्ष्मीचा घट मांडला. चाळणी राखेने दोनदा, चिंचेने एकदा, गरम पाण्याने एकदा, वरून गोमूत्र. लखलखीत करून होती त्या जागी टांगली. कोमल चहा घेईना. म्हटलं, गाळणं वेगळं आहे गं. म्हणाली, आई, मला आता सगळं सारखंच दिसतं. पोळ्या बाहेरून मागवतेय. पैसे वर आलेत पोरांना.

आजच लोणावळ्याला परत निघालो.

९ डिसेंबर, मंगळवार
रिपोर्ट.

बारीक दोन साधे निघाले. तिसरी बाटली. डॉक्टरांनी कागद अमृतकडे दिला, अमृतने वाचला, पुन्हा वाचला. मी म्हटलं, मराठीत सांग. तो म्हणाला, आई, वनस्पतीजन्य पदार्थ. म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, शेंगदाणा. बाकी उत्तम आहे, कुठे कीड नाही.

नवसात मी बाटलीतल्याचा रिपोर्ट म्हटलं होतं. आईने शब्द पाळला. आता मला गड चढणं आलं.

हे हसतील असं वाटलं. हसले नाहीत. विचारलं, डाक्टर, मग ते मोठं कसलं व्हतं? डॉक्टर म्हणाले, आता कळायला मार्ग नाही. कापलं त्या जागी शाईची खूण केली आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा आत जाऊन देठाची जागा बघू, तिथला तुकडा काढू. तो चांगला निघाला तर चांगलं.

आणि नाही निघाला तर, हे कुणी विचारलं नाही.

रिक्षात हे बाहेर बघत म्हणाले, दादाचं बी आसंच कायतरी बघायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं. एवढंच. वडगाव फाट्यापर्यंत धूळ फार होती. माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं.

१५ डिसेंबर, सोमवार. सफला एकादशी
खिचडी केली. ह्यांनी भाकरी मागितली. एकादशीला! दिली. आजारी माणसाला चालतं.

चपलांच्या कपाटावरचा कागद आज सापडला. फेकण्याआधी एकदा नजर टाकली. साबुदाणा, शेंगदाणे, भगर, सगळं लिहिलंय, मराठीत, ठळक अक्षरांत. वर लिहिलंय, उपवासाचे पदार्थ चालणार नाहीत. जर इतकं माहीत होतं तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?

निश्चय : ह्या वेळी एक दाणा जाऊ देणार नाही. सगळं जातीने बघणार.

२१ डिसेंबर, रविवार
हे एकटेच वराळ्याला गेले. मीच म्हटलं, मला इथे कामं आहेत. (आधी ह्यांनी म्हटलं, तू नगं येऊ, कोमल बघंल. मग मी म्हटलं, मला इथे कामं आहेत.) कामं पुष्कळ आहेत. माळा आवरायचा आहे.

पिशवीत काही घातलं नाही. ह्यांनी जाताना पिशवी उघडून बघितली तरी. माझ्यासमोर.

२२ डिसेंबर, सोमवार
सकाळीच सुमय्या सिस्टरला फोन केला, ते बरोबर करतायत ना हे बघायला. त्या म्हणाल्या, काकू, सूनबाई करतायत, दोन्ही पाकिटं. मी काकांना सांगितलंय, ह्याला उपवास म्हणू नका, रोजा समजा. पोटात दाणा नाही. फक्त पाणी मात्र भरपूर प्या, तेवढी सूट आहे. मग हसल्या. म्हणाल्या, तुमच्या एकादशीला नाव नाही ठेवत हां काकू, माझ्या आईला तुमची खिचडी फार आवडते.

मी फोन ठेवला. नाव ठेवलं नाही, पण ठेवायचं काही राहिलंही नाही.

मग ठरवलं की मीही करून बघते. त्यात काय एवढं? आज एकादशी नाही, काही नाही. नुसतं पाणी. अकरापर्यंत ठीक. एक वाजता राजगिऱ्याच्या डब्याकडे हात गेला, मागे घेतला. तीनला भोवळ आल्यासारखं झालं. जपात लक्ष लागेना. सारखी भूकच लागत होती. इतक्या एकादश्या केल्या, भूक कधी लागली नव्हती.

संध्याकाळी ह्यांचा फोन. जेवलीस का? म्हटलं, हो. तुम्ही? म्हणाले, पाण्यासारखं पाणी चाललंय, कोमलनी मोबाइलवर फोटो काढून शिस्टरला धाडला. शी! म्हटलं, भीती वाटतेय का? म्हणाले, थंडी लय हाय हितं.

वराळ्यात लोणावळ्यापेक्षा थंडी कमी असते.

२३ डिसेंबर, मंगळवार
झालं. अमृतने फोनवर सांगितलं. आत आरशासारखं स्वच्छ. शाईची खूण लगेच सापडली, तिथला तुकडा घेतला. शेजारी आणखी एक कोंब निघाला, मागच्या वेळी साबुदाण्याखाली झाकलेला. तो जाळ्यात धरून अख्खा बाहेर काढला, देठासकट. डॉक्टरांनी कोमलला दाखवला म्हणे. तिला काही वाटलं नाही. पोरीला किळसच नाही कशाची. मग माझ्याच वेळी कुठून आली होती?

आता रिपोर्टची वाट. दिवा तेवत ठेवलाय.

३० डिसेंबर, मंगळवार. पुत्रदा एकादशी
रिपोर्ट निर्मळ. खुणेच्या जागी काही नाही. नवा कोंब साधा, देठ चांगला. कॅन्सर नाही. वर्षाने पुन्हा बघायचं. कागदावर डॉक्टरांनी शेरा मारलाय, पोटाची तयारी उत्कृष्ट. अमृतने मुद्दाम मराठीत सांगितलं.

मी देवासमोर साखर ठेवली. पदर डोळ्यांना लावला होता, कापराचा धूर.

हे दुपारी घरी आले. रंग परतलाय. दारातच म्हणाले, भूक लागलीया. खिचडी तयारच होती, ह्यांच्यासाठी कूट बारीक केलं होतं. ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, दे. दोनदा घेतली. एक दाणा दाताखाली आला तो बोटात धरून उजेडाकडे नेला आणि म्हणाले, ह्यो शेंगदाणा हाय. नक्की. मग कितीतरी दिवसांनी हसले. मी हसले नाही. आत जाऊन हसले.

कोमलने माझ्यासाठी भेट पाठवलीय. चकचकीत कागद, वर रिबीन. सोबत चिठ्ठी : आई, मी नवीन घेतली. ही तुम्ही इतकी स्वच्छ केली आहे की तुम्हीच वापरा. स्टीलला विटाळ नसतो.

कागद न फाडता सोडवला, पुढे कामाला येईल. चाळणी ओट्यावर ठेवली. मग मोरीजवळ. मग माळ्यावर. मग अंगणात. चार वाजता भंगारवाल्याला फुकट दिली. तो म्हणाला, मावशी, चांगली हाय की. म्हटलं, ने बाबा.